सोलापुरात आमच्या हॉस्पिटलचं कॉस्टिंग, म्हणजे कुठल्या उपचाराला खरा खर्च किती येतो त्याची मोजणी, करून घेतली, त्या सेवेचा रिव्ह्यू

रेटिंग ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते खाली येईलच, पण आधीच सांगते की पैसे वसूल झाले.

मी कोण ते सांगते म्हणजे पुढचं वाचायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी होटगी रोडच्या बाजूला एका ५० खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात अकाउंट्स बघते, बारा वर्षं झाली, आणि योजनेचे क्लेमपण माझ्याच टेबलावरून जातात. योजना म्हणजे राज्य सरकारची मोफत उपचारांची महात्मा फुले जन आरोग्य, आधी तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं, २ जुलै २०१२ ला पहिल्या टप्प्यात जे आठ जिल्हे घेतले त्यात आपलं सोलापूर होतं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं कव्हर होतं, १ जुलै २०२४ पासून पाच लाख झालं, तेव्हा उपचारांची यादी १,३५६ वर गेली. म्हणजे सोलापूरकरांना योजना नवीन नाही, विडी कारखान्यातल्या बायका असोत नाहीतर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर बसणारे असोत, पिवळं केशरी कार्ड घेऊन दारात येणारा माणूस आम्ही तेव्हापासून बघतोय.

आणि तेव्हापासूनच एक वाक्य ऐकतोय, रेट परवडत नाही, रेट म्हणजे योजनेतून एका उपचाराला हॉस्पिटलला मिळणारे ठरलेले पैसे. डॉक्टर लोक जमले की हेच, बिलिंगवाले जमले की हेच. पण किती परवडत नाही, कुठल्या ऑपरेशनला नाही, हजाराने नाही का दहा हजाराने नाही, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मला पण सांगता यायचं नाही, आणि मी तर पैशाचंच काम करते.

त्यात मनाला लागलेली एक गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ईमेलवर एक फॉर्म आला होता, कुठल्या संस्थेचा ते इथे लिहीत नाही, अमुक अमुक ऑपरेशनला तुमच्याकडे प्रत्यक्ष खर्च किती येतो ते भरा, तीन दिवसांत पाठवा. मार्च एंडिंग चालू होतं. मी काय केलं तर आमचं छापील रेट कार्ड समोर ठेवलं आणि त्यातले आकडे तसेच्या तसे खर्चाच्या रकान्यात भरले आणि पाठवून दिले. म्हणजे आम्ही पेशंटकडून जे घेतो ते मी आम्हाला लागतं म्हणून लिहिलं. पुढे कुणाचा फोन नाही, हे कुठून आणलं म्हणून कुणी विचारलं नाही, एक बिल मागितलं नाही. तो आकडा कुठल्यातरी तक्त्यात जाऊन बसला असेल आणि माझ्यासारख्या अजून पन्नास जणांनी तेच केलं असेल, तर त्यातून निघालेल्या सरासरीला काय अर्थ राहिला. हे मला तेव्हा कळलं नाही, आता कळतंय आणि वाईट वाटतं.

कारण आकडा चुकला की तो कुणाच्या तरी अंगावर पडतोच. रेट खऱ्या खर्चाच्या खाली गेला की हॉस्पिटल पेशंट टाळायला लागतं. आमच्या शेजारच्या काकू विडी वळतात, त्यांच्या यजमानांना हर्नियासाठी शहरातल्या एका ठिकाणी नेलं तर आज मशीन बंद आहे, उद्या सर्जन नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी हळूच, योजनेत करू पण वरचे एवढे द्यावे लागतील. काकूंनी कानातलं मोडलं. तसे पैसे मागणं चूकच, त्याला माफी नाही, मी त्या बाजूने बोलत नाहीये. पण रेट वर गेला तरी बरं होतं असं नाही, ज्यात चार पैसे जास्त सुटतात ती ऑपरेशनं गरज नसताना वाढायला लागतात आणि ते पैसे तुमच्या आमच्या टॅक्सचे असतात.

तर आता सेवेबद्दल. जुळे सोलापूरच्या एक ताई आहेत, कॉस्ट अकाउंटंट, आणि त्यांच्याबरोबर एक मुलगा आहे, बी.फार्म झालेला, दोघंच मिळून हे काम करतात. नाव नंबर उघड टाकत नाही, पाहिजे असेल त्यांनी मेसेज करा. आमच्या सरांनी, म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्या सर्जननी, त्यांना बोलावलं ते खरं तर योजनेच्या रेटवर निवेदन द्यायला कागद पाहिजे होता म्हणून, म्हणजे रेट परवडत नाही हे सिद्ध करून द्या असंच सर म्हणाले. ताईंनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं, सर, काय निघेल ते निघेल, जास्त पण निघू शकतं कमी पण निघू शकतं, तुम्हाला ठरलेलं उत्तर पाहिजे असेल तर मी घेत नाही. सर दोन मिनिटं गप्प बसले आणि मग हो म्हणाले. मला तिथेच त्या आवडल्या.

काम कसं केलं ते जरा सविस्तर लिहिते कारण खरी मजा तिथेच आहे. पहिले आठ दहा दिवस त्या फक्त वरून खाली आल्या, म्हणजे पूर्ण हॉस्पिटलचा वर्षाचा खर्च घेतला, पगार, लाइट, डिझेल, ऑक्सिजन, धुलाई, जैविक कचरा, सिक्युरिटी, आणि तो विभागांवर वाटला, ओटीला म्हणजे ऑपरेशन थिएटरला किती, आयसीयूला किती, जनरल वॉर्डला किती. वाटायचं कशावर हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी वेगळा, झाडलोट चौरस फुटावर, जेवण पेशंटच्या दिवसांवर, कपडे किलोवर. आणि तिथेच आमची पहिली गडबड सापडली, महावितरणचं मीटर एकच. त्याच मीटरवर हॉस्पिटल, त्याच्यावरच वरच्या मजल्यावरचं सरांचं घर आणि खालचं मेडिकलपण. मी बारा वर्षं ते सगळं बिल हॉस्पिटलच्या खात्यात टाकत होते. आपल्याकडचा एप्रिल मे तुम्हाला माहितीये, घरातले तीन एसी रात्रभर चालतात, ते सगळं पेशंटच्या खर्चात. ताईंबरोबरच्या मुलाने सबमीटर लावून महिनाभर रीडिंग घेतलं आणि ते वेगळं काढलं, आमचा खर्च तिथे कमी झाला.

उलट बाजूने पण झालं. इमारत सरांच्या वडिलांची, भाडं शून्य, म्हणून मी शून्य धरत होते. ताई म्हणाल्या, हीच जागा दुसऱ्याला दिली तर भाडं येईल ना, मग तो खर्चच आहे, खिशातून जात नाही एवढंच. तसंच सरांचा पगार. सर स्वतः पगार घेत नाहीत, उरेल ते त्यांचं, म्हणून वहीत सर्जनची किंमत शून्य. आणि सोनोग्राफीचं एक मशीन देणगीत मिळालेलं, त्याची किंमत शून्य. पण ते मशीन आठ दहा वर्षांत बाद होणार आणि तेव्हा नवीन कोण देणार, म्हणून त्याची आजची किंमत त्याच्या आयुष्यावर वाटून वर्षाचा आकडा धरला. म्हणजे माझ्या वहीत कुठे फुगलेलं होतं आणि कुठे साफ गायब होतं, आणि दोन्ही चुका एकमेकांना कापून बरोबर होतील असं काही नसतं.

मग दुसरा भाग, खालून वर. ह्यात ताई स्वतः घड्याळ घेऊन ओटीच्या दाराशी स्टुलावर बसायच्या. पेशंट आत गेला किती वाजता, भूल कधी, चिरा कधी, टाके कधी, बाहेर कधी, आणि मग पुढच्या केससाठी ओटी पुसून तयार कधी. आमचं ओटी रजिस्टर काढून बघितलं तर प्रत्येक हर्निया १० ते ११, प्रत्येक अपेंडिक्स १२ ते १, सगळं एक एक तासाचं, एकाच पेनाने लिहिलेलं. कारण सिस्टर ते संध्याकाळी ड्युटी संपताना एकदम लिहितात, त्यांचा दोष नाही, दिवसभर त्यांना मान वर करायला वेळ नसतो. ताईंच्या घड्याळात पहिल्याच दिवशीचा हर्निया एक तास ३५ मिनिटं निघाला, पुसापुशी धरून दोन तास. ओटीचा मिनिटाचा खर्च जर रजिस्टरवरून काढला असता तर तो जवळजवळ दुप्पट दिसला असता आणि एका केसला लागणारी मिनिटं निम्मी, म्हणजे एकाच चुकीचे दोन आकडे, आणि लांबून बघणाऱ्याला दोन्ही छान सुबक दिसले असते.

धुलाईचं तर मला विसरता येत नाही. परटाला आपण महिन्याचे ठरावीक पैसे देतो, कुठल्या वॉर्डचं किती कुणालाच माहीत नाही. ताईंनी भाजीवाल्याकडे असतो तसला काटा आणला आणि मावशींना म्हणाल्या, मावशी, गाठोडं बांधलं की आधी काट्यावर ठेवायचं आणि ह्या पाटीवर खडूने लिहायचं. मावशी म्हणाल्या, ताई मला आकडे येतात पण वॉर्डाचं नाव लिहायला येत नाही. मग त्यांनी वॉर्डाला रंग दिले, ओटी हिरवा, आयसीयू लाल, जनरलला पांढरा खडू. तीन आठवडे मावशींनी एक गाठोडं चुकवलं नाही. अख्ख्या हॉस्पिटलात सगळ्यात खात्रीचा डेटा कुणाचा निघाला तर मावशींचा, कारण तो जागच्या जागी, त्याच वेळी, ज्याचं काम त्याने लिहिलेला होता.

आता डायलिसिस, ह्याच्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सोलापूरच्या माणसाला हे पटेल. आमच्याकडे चार मशीन आहेत. डायलिसिसच्या मशीनमध्ये मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव फिरतो, चार तासांच्या एका सेशनला म्हणजे १२० लिटर शुद्ध पाणी, आणि ते आरओचं लागतं, आमच्या प्लांटला जेवढं शुद्ध निघतं जवळपास तेवढंच वाया जातं. म्हणजे एका पेशंटला एका वेळी सव्वादोनशे अडीचशे लिटर पाणी. आता आपल्या गावात नळाला पाणी रोज येत नाही हे मी कुणाला सांगायला पाहिजे, उजनी भरलेलं असो नाहीतर नसो आपल्याकडे दिवस मोजूनच पाणी. तर आम्ही टँकर मागवतो. टँकरवाल्याला पैसे वॉचमन मामा किरकोळ खर्चाच्या पेटीतून देतात, रोख, आणि वहीत ते इतर किरकोळ म्हणून पडतं, चहा, झेरॉक्स, रिक्षा ह्यांच्याबरोबर. ताईंनी किरकोळची वर्षभराची व्हाउचरं जमिनीवर पसरून एक एक वेगळं केलं आणि पाण्याचा ढीग सगळ्यात मोठा निघाला. डायलिसिसच्या खर्चात पाणी हे शीर्षकच आमच्याकडे नव्हतं.

आता विचार करा, डायलिसिसचा रेट ठरवताना जर नमुन्याला घेतलेली हॉस्पिटलं सगळी मोठ्या शहरांतली, चोवीस तास पाणी असलेली असतील, तर हा खर्च कुठे दिसणारच नाही, आणि आमच्यासारखी असली तरी आमच्या वहीतून तो दिसला नसता. नमुना बरोबर घेणं आणि नमुन्यातल्या प्रत्येकाची वही खरी असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात. नुसती हॉस्पिटलांची संख्या वाढवून काही होत नाही.

ताईंनी चहा पिता पिता बरंच मोठं चित्र पण सांगितलं. केंद्राची आयुष्मान भारत २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली तेव्हा १,३९३ पॅकेज होती, पॅकेज म्हणजे एका उपचाराचा ठरलेला एकरकमी दर, आणि ते पहिले दर बहुतेक तज्ज्ञांच्या समित्यांनी आणि आधीच्या योजनांचे दर बघून ठरवलेले, प्रत्यक्ष खर्च मोजलेला डेटा तेव्हा देशात फारसा नव्हताच. नंतर चंदीगडच्या पीजीआय ह्या सरकारी वैद्यकीय संस्थेने बऱ्याच राज्यांतल्या हॉस्पिटलांत जाऊन खर्चाचा मोठा अभ्यास केला, वरून खाली आणि खालून वर असा मिसळूनच, आणि पुढच्या सुधारणांमध्ये तो पुरावा वापरला गेला. २०२२ ला पॅकेज १,९४९ झाली, शहर कुठलं आणि उपचाराची पातळी काय ह्यावर दर वेगळा करायची गोष्टपण तेव्हाच आली. म्हणजे दिशा बरोबर आहे, मला ते ऐकून खरंच बरं वाटलं. पण खाजगी हॉस्पिटलं दार उघडत नाहीत ही अडचण आहे, आणि आम्हीसुद्धा उघडलं नव्हतंच ना, फॉर्म भरून हात झटकले होते.

जर्मनीचं पण त्यांनी सांगितलं. तिथे २००१ मध्ये ह्याच कामासाठी वेगळी संस्था काढली, निवडलेली हॉस्पिटलं पेशंटवार खर्च तिला देतात, त्या कामाचे त्यांना पैसे मिळतात, आणि आलेला आकडा पटण्यासारखा आहे का हे तपासून न पटणारा बाजूला काढतात, मग त्यावरून दर दरवर्षी नवे होतात. दरवर्षी हा शब्द माझ्या डोक्यात बसला. आपल्याकडे सीजीएचएसचे, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, बहुतेक दर २०१४ नंतर एकदम २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बदलले. मधल्या काळात काय काय झालं बघा, फेब्रुवारी २०१७ ला स्टेंटच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या जाळीच्या, किमतीवर मर्यादा आली, औषधवाला स्टेंट २९,६०० आणि साधा ७,२६०, म्हणजे एका दिवसात हृदयाच्या ऑपरेशनचा खर्च बदलला. एकदा मोजून दहा वर्षं तेच वापरायचं म्हटलं तर मोजणी कितीही चांगली असो, शिळी होते.

आणि खर्चाइतकाच पेशंटचा कागद पण महत्त्वाचा. मुलाने आमच्या शंभर फायली काढल्या आणि निदानाचा कोड आणि आतला मजकूर जुळवून बघितला. ताप, कारण अज्ञात, ह्या एका कोडखाली डेंगी पण, न्यूमोनिया पण. पेशंटला शुगर आहे हे सिस्टरच्या नोटमध्ये तीनदा आहे, डिस्चार्ज कार्डवर एकदाही नाही. आता उपचार किती गुंतागुंतीचा ह्यावर गट करून पैसे द्यायची पद्धत आपल्याकडे आणायच्या गोष्टी चालू आहेत, ती आली तर ह्याच कोडवर पैसे ठरणार, मग शुगर लिहिली नाही तर आमचं नुकसान आणि नसताना लिहिली तर सरकारची फसवणूक. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालात आयुष्मानचे साडेसात लाखाच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले निघाले होते, ९ चा आकडा दहा वेळा. सिस्टिमने रकाना भर म्हणलं की माणूस काहीतरी भरतो. मी पण भरलंच होतं.

निकाल काय लागला ते सांगते, पण आकडे नाही टाकत, ते हॉस्पिटलचे आहेत. तपासलेल्या नऊ पॅकेजपैकी चार योजनेच्या रेटमध्ये नीट बसतात, दोन काठावर, तीनमध्ये आम्हाला खरंच तोटा आहे आणि डायलिसिस त्यात आहे. सरांना वाटत होतं नऊच्या नऊ तोट्यात. शिवाय ताईंनी एक गोष्ट स्पष्ट लिहून दिली, तुमच्या खाटा निम्म्या रिकाम्या असतात म्हणून तुमचा खाटेचा दिवस महाग पडतो, तो सगळा फरक सरकारकडे मागता येणार नाही, रिकाम्या खाटेचे पैसे कुणी का द्यावेत. म्हणून रिपोर्टमध्ये दोन आकडे आहेत, आहे तसं आणि खाटा ८० टक्के भरल्या असत्या तर. सरांना ते आवडलं नाही पण त्यांनी ते पान काढायला सांगितलं नाही, ह्याचं मला कौतुक आहे.

आता स्टार का कापला. पाच आठवडे सांगून नऊ आठवडे लागले. रिपोर्ट अख्खा इंग्रजीत, मावशी सिस्टर सोडा, आमच्या मॅनेजरला पण तो वाचता वाचता घाम फुटला, ज्यांनी डेटा दिला त्यांना निदान दोन पानं मराठीत द्यायला पाहिजे होती. रात्रपाळीच्या सिस्टरना शिकवलंच नाही, त्यामुळे रात्रीच्या इमर्जन्सी केसचे आकडे कच्चे आहेत, ताईंनी तसं रिपोर्टमध्ये लिहिलंय पण लिहून भागत नाही. आणि सगळ्यात मोठं, मोजणी मार्च ते मेच्या मध्याची आहे. तेव्हा लाइट सगळ्यात जास्त आणि टँकर पण सगळ्यात जास्त, उलट डेंगीचा सीझन नाही, म्हणजे वॉर्ड रिकामे. सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे खाटेला खाट लागलेली असते. एका ऋतूवरून वर्षाचं बोलणं मला पटत नाही आणि मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी मान्य केलं, सप्टेंबरात पंधरा दिवस परत येऊन मोजतील, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

फी म्हणाल तर आमच्या उन्हाळ्यातल्या एका महिन्याच्या लाइट बिलापेक्षा कमी. बार्शी, पंढरपूर, अकलूजला पण जातात असं म्हणाल्या. बोलवायचं असेल तर आधी किरकोळ खर्चाची व्हाउचरं शोधून ठेवा, फेकून देऊ नका, आणि ओटीच्या दाराशी एक भिंतीवरचं घड्याळ आणि वही आजच लावा. आमच्याकडे आता वही दोरीने बांधलीये, पेशंट आत जाताना मामा वेळ लिहितात, बाहेर येताना सिस्टर. टँकरचं वेगळं खातं मी उघडलंय, वॉचमन मामा प्रत्येक टँकरला लिटर आणि तारीख लिहून सही घेतात. नऊ पॅकेजचा रिपोर्ट सरांनी सही करून योजनेच्या ऑफिसला पाठवलाय, तोट्यातली तीन पण आणि नीट बसणारी चार पण, पूर्ण, आणि खाली लिहिलंय की मूळ वह्या बघायला कधीही या.

सप्टेंबरात ताई परत आल्या आणि पाण्याचा आकडा बदलला की इथेच खाली टाकते.